कार्व्हरच्या शेतकऱ्यांची जमीन

वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे कृष्णवर्णीय अमेरिकी शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी घरांत आपलाच माणूस झाला. पण ज्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी तो राबला, त्यांच्या नावावर जमीन किती होती? मला हा प्रश्न त्याच्या भुईमुगाच्या प्रयोगांहून मोठा वाटतो.

अमेरिकेतली यादवी संपत आली असताना, जानेवारी १८६५ मध्ये, उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल शर्मन यांनी आग्नेय किनारपट्टीतली जमीन मुक्त झालेल्या गुलामांच्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत वाटून देण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्यातली बहुतेक जमीन जुन्या मळेवाल्यांना परत मिळवून दिली. कालचे गुलाम त्याच मळ्यांत वाट्याने कपाशी पिकवू लागले.

१८९६ मध्ये कार्व्हर अलाबामातल्या टस्कीगी शिक्षणसंस्थेत आला, तेव्हा कपाशीने जमिनीचा कस गेला होता. त्याचा सल्ला साधा होता: चवळी लावा, भुईमूग लावा, जमिनीला नत्र मिळू द्या. १९०६ पासून टस्कीगीची घोडागाडी अवजारं आणि बियाणं घेऊन गावोगाव फिरू लागली. पण बियाणं, खत, पीठमीठ सगळं दुकानदाराकडून उधारीवर यायचं आणि तारण असायचं उभं पीक. दुकानदाराला तारण हवं ते कपाशीचंच, कारण तिला हमखास गिऱ्हाईक. जमीनमालकालाही तीच हवी. चवळीचं महत्त्व पटलं, तरी ती पेरायचं स्वातंत्र्य कुठून आणायचं? कार्व्हरच्या कामाची खरी अडचण मला इथे दिसते, आणि त्याच्या गौरवगाथांत ती हरवून जाते.

तरीही लोकांनी पै पै साठवून जमिनी घेतल्या. १९२० च्या गणनेत सुमारे सव्वानऊ लाख कृष्णवर्णीय शेतकरी होते. त्यांतले दोन लाखांवर जमीनमालक. २०१७ च्या गणनेत कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची संख्या पन्नास हजारांच्याही आत होती. अनेकांनी उत्तरेकडच्या कारखान्यांची वाट धरली, यंत्रांनी मजुरी खाल्ली, हे खरं. पण सरकारी शेतीकर्जाचा निर्णय ज्या जिल्हा समित्यांच्या हाती होता, त्यांवर बहुतेक गोरे शेतकरीच असत. अर्ज रखडे, पेरणी उलटून गेल्यावर पैसे मिळत. या भेदभावाविरुद्धचा पिगफर्ड खटला १९९९ मध्ये तडजोडीने मिटला आणि हजारो शेतकऱ्यांना भरपाई मिळाली. हातची गेलेली जमीन मात्र क्वचितच परत आली.

कित्येक जमिनी वारसाहक्काच्या गुंत्यातही गेल्या. मृत्युपत्र न करता आजोबा गेले, की जमीन सगळ्या वारसांची सामाईक. शिकागोतल्या एखाद्या चुलतभावाचा हिस्सा बाहेरच्याने विकत घ्यायचा, कोर्टात वाटणी मागायची आणि सगळ्या शेताचा लिलाव घडवून आणायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. कसणाऱ्याकडे स्पष्ट मालकीचे कागद नसल्याने त्याला सरकारी योजनांचा लाभही मिळत नसे. कार्व्हरच्या अलाबामात २०१४ मध्ये कायदा बदलला. आता वाटणी मागणाऱ्याचा हिस्सा ठरवलेल्या किमतीला विकत घ्यायची पहिली संधी बाकीच्या वारसांना मिळते.