बरणीतली धामण, काचपेटीतला परदेशी

भिवंडीत धामणकर नाक्याच्या आसपास साप निघणं ही काही बातमी नाही. एका अंगाला कामतघरचा वऱ्हाळादेवी तलाव, दुसऱ्या अंगाला पद्मानगरचे यंत्रमाग आणि अंजूरफाट्यापलीकडे राहनाळ, दापोडे, मानकोलीपर्यंत पसरलेली गोदामं. गोदामात धान्य आलं, बिस्किटं आली, पुठ्ठा आला की उंदीर आलेच, आणि उंदरांच्या मागोमाग धामण आणि नाग. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की हीच मंडळी कोरड्या ओट्याच्या शोधात माणसांच्या दारात येतात. साप दिसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लोक पळतात, पुढच्या अर्ध्या तासात फोटो काढतात आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी हौशी पोरगा त्याला बरणीत घालून घरी घेऊन गेलेला असतो. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली, आत वाटीभर दूध आणि शेजारपाजारच्या पोरांची रांग. ‘वाचवलेला’ साप म्हणतात तो हा.

या बरणीतल्या सापाचं काय करायचं याचं उत्तर कायद्यानं फार आधी देऊन ठेवलं आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं आणि सापळ्यात अडकवणंही शिकारीतच मोडतं. धामण असो, दिवड असो की निरुपद्रवी कवड्या असो, आपल्याकडचा कुठलाही साप हौसेखातर घरात ठेवता येत नाही. त्यामुळे देशी सापाची ‘नीट काळजी’ हा काही तासांचा मामला आहे, आणि त्या काही तासांतच बहुतेक चुका होतात.

पहिली चूक दुधाची. साप दूध पचवू शकत नाही. नागपंचमीला तो दूध पितो असं वाटतं, कारण गारुड्यानं त्याला कित्येक दिवस पाण्याविना ठेवलेलं असतं. तहानेनं कासावीस झालेला जीव समोर येईल ते पितो. दूध श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसं बिघडतात. दुसरी चूक बरणीची. काच आणि प्लॅस्टिक उन्हात झपाट्यानं तापतं, आणि सापाला घाम येत नाही की कुत्र्यासारखं धापा टाकून अंग थंड करता येत नाही. तिसरी चूक त्याला खाऊ घालण्याची. घाबरलेला साप खात नाही, आणि खाल्लंच तर ओकून टाकतो.

करायचं ते फार थोडं आहे. मंडळींना मागे सारायचं, लांबून नजर ठेवायची आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करायचा. वनविभागाशी जोडलेला सर्पमित्र आला की तो सापाला सुती पिशवीत घेतो, पिशवी झाकणाच्या बादलीत ठेवतो आणि बादली सावलीत. अंधार, हवा आणि शांतता एवढीच त्या वेळची शुश्रूषा. आलेला माणूस सापाची शेपटी धरून गर्दीपुढे व्हिडिओ काढू लागला, तर तो सर्पमित्र कसला, नुसता तमाशा करणारा. सापाच्या पाठीचा कणा असा लोंबकळत ठेवायला बनलेला नाही. आणि कुणाला चावला असेल तर चिरा, फडकं, दोरी, मंत्र सगळं बाजूला ठेवून 108 ला फोन करायचा आणि थेट रुग्णालय गाठायचं. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे.

गोदामपट्ट्यात आणखी एक प्रकार होतो तो चिकटपट्टीचा. उंदरांसाठी ठेवलेल्या गोंदाच्या पुठ्ठ्यावर उंदीर अडकतो आणि त्याला गिळायला आलेला सापही तिथेच चिकटतो. त्याला ओढलं तर खवल्यांसकट कातडी निघते. आधी आजूबाजूचा मोकळा पुठ्ठा कापून टाकायचा, मग खाद्यतेल थेंबाथेंबानं सोडत, डोक्याकडून शेपटीकडे, खवल्यांच्या दिशेनं अंग सुटं करायचं आणि शेवटी तेल पुसून काढायचं. रॉकेल किंवा थिनर अजिबात नाही. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं अडकलं असेल तर हे काम शिकलेल्या माणसाचंच, मुकादमाचं नव्हे.

जखम नसेल तर साप त्याच दिवशी, सापडला त्याच परिसरात, साधारण किलोमीटरभराच्या आत सोडायचा असतो. हे ऐकल्यावर सोसायटीवाले हमखास चिडतात. ‘लांब जंगलात नेऊन सोडा की!’ पण सापाला आपला इलाखा पाठ असतो: पाणी कुठे, लपायची भेग कुठे, उंदीर कुठे. कर्नाटकातल्या अगुंबेच्या जंगलात नागराजांना ट्रान्समीटर बसवून त्यांच्या फिरण्याचा अभ्यास झाला. त्यात उचलून दुसरीकडे सोडलेला नागराज तिथल्या मूळ रहिवाशापेक्षा कितीतरी जास्त भटकताना दिसला. अनोळखी मुलखात भटकणारा साप म्हणजे गाडीखाली किंवा काठीखाली जाणारा साप.

खरी गुंतागुंत सुरू होते ती महिनोन् महिने घरात कोंडलेल्या सापापासून. ठाणे जिल्ह्यात असा साप बहुधा मांडूळ असतो. बिचारं मातीत राहणारं, बिनविषारी, चावायचीही फारशी इच्छा नसलेलं जनावर. त्याची शेपटी आखूड आणि बोथट, डोक्यासारखी दिसणारी. संकट आलं की ते डोकं वेटोळ्याखाली घेतं आणि शेपटी पुढे करतं. घाव बसलाच तर शेपटीवर बसावा. या एका युक्तीपायी त्याला ‘दुतोंड्या’ म्हणू लागले आणि तिथून त्याच्या हालअपेष्टांना सुरुवात झाली. गुप्तधन दाखवतो, पैशांचा पाऊस पाडतो, अमुक किलोचा असला की लाखोंना जातो, असल्या कंड्या पिकवणारे आणि त्यांवर विश्वास ठेवणारे दोघेही सुशिक्षित असतात, हे विशेष. पोलीस सापळा रचतात, गिऱ्हाईक बनून जातात, लॉजवर किंवा हायवेच्या धाब्यावर सौदा पकडला जातो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात टेबलावर मांडलेल्या मांडुळाचा फोटो येतो. बातमी तिथे संपते.

मांडुळाचं तिथे काहीच संपलेलं नसतं. तो आता मुद्देमाल झालेला असतो. पंचनामा होतो, वनविभागाकडे ताबा जातो आणि सोडायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. तोवर त्याला जगवायचं कुणी आणि कसं? पोत्यात किंवा डब्यात राहून आलेल्या अशा सापाचे डोळे खोल गेलेले असतात, कातडीला सुरकुत्या पडलेल्या असतात, तोंडाच्या कडेला नाक घासून घासून जखम झालेली असते. खवल्यांच्या फटींत काळे ठिपके हलताना दिसले तर त्या गोचिडीसारख्या माइट्स. त्या रक्त पितात आणि एका सापाचा रोग दुसऱ्याला देतात. म्हणून नवा साप आधी वेगळ्या खोलीत, आणि त्याची भांडी, साप उचलायचा आकडा, फडकंही वेगळं.

अशा जनावराला आल्या आल्या उंदीर देणारा माणूस प्रेमळ असला तरी घातक असतो. क्रम ठरलेला आहे: आधी पाणी, मग ऊब, मग एकांत आणि शेवटी अन्न. पहिल्या दिवशी वजन करून वहीत लिहायचं; त्यासाठी किराणा दुकानातला साधा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. उथळ पसरट भांड्यात कोमट पाणी, सापाला अर्धवट बुडता येईल इतकंच. विष्ठा पडली की तपासायला पाठवायची, कारण पोटातले जंत उपाशी सापाला अधिक पोखरतात. पाच-सात दिवस उलटल्यावर नेहमीपेक्षा लहान उंदीर, तोही एकच. मांडुळाला खाली भुसभुशीत, कोरडी, वाळूमिश्रित माती हवी, निदान वीतभर खोल; फरशीवर किंवा वर्तमानपत्रावर ठेवलेलं मांडूळ लपायला जागा शोधत तोंड रक्ताळून घेतं.

आणि सोडायचं कुठे, हा प्रश्न राहतोच. मांडुळाला हलकी, कोरडी जमीन मानवते. ती देशावर मिळते. कामवारी नदीच्या काठची चिखलट, पावसाळ्यात तुंबणारी जमीन त्याच्या कामाची नाही. पकडलेले आरोपी साप कुठून आणला हे खरं सांगतीलच असं नाही. म्हणून तपासात ‘हा कुठल्या गावच्या शिवारातला?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जायला हवा. आरोपीच्या मोबाइलमधले फोटो, ज्या दलालाकडून घेतला त्याचा तालुका, सापाच्या अंगाला लागलेली माती, यांतलं काहीही पुढे उपयोगी पडतं. शेपटीला मुद्दाम चटका देऊन दुसरं तोंड ‘घडवलेलं’ असेल तर जखम भरेपर्यंत सुटका नाही.

गारुड्याच्या टोपलीतल्या नागाची कहाणी याहून वाईट. विषदंत उपटलेले, काहींचे ओठ शिवलेले, फण्यावरच्या हळदकुंकवानं डोळ्यांवर पडदा आलेला. विषदंत पुन्हा येतात, कारण त्यांच्या मागे राखीव दात तयार असतात. पण विषग्रंथी चिरडल्या असतील तर त्या नागाला मोकळं करणं म्हणजे उपाशी मारणं. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बत्तीस शिराळ्याची नागपंचमीची जिवंत नागांची मिरवणूक थांबली, हे त्या नागांच्या दृष्टीनं मोठंच काम झालं. याच्या उलट उदाहरण पुण्याचं: सर्पमित्र नीलिमकुमार खैरे 1980 साली 72 तास 72 विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत बसले. साप विनाकारण माणसावर धावून जात नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. पुढे 1986 मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. त्या खोलीची आठवण ‘शौर्य’ म्हणून निघते. मला तिच्यात सापाशी वागायची रीत दिसते: हालचाल कमी, हात लांब.

आता तिसरा पाहुणा, परदेशी. डिसेंबर 2023 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयानं मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानातून 11 साप काढले, 9 बॉल पायथन आणि 2 कॉर्न स्नेक, बिस्किटं आणि केकच्या पाकिटांत लपवलेले. 2025 च्या जूनमध्ये तर तिथेच एका प्रवाशाकडे 47 विषारी साप मिळाले, तेही थायलंडहून आलेले. जे पकडले जात नाहीत ते इन्स्टाग्रामवरून फ्लॅटमध्ये पोहोचतात. हौस फिटली, भाड्याची खोली बदलली की पेटीसकट मागे राहतात, किंवा कुणी तलावाकाठी सोडून देतो. हे सोडून देणं दोन्हीकडून वाईट: पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन इथे एकतर मरतो, नाहीतर देशी सापांत नवे रोग सोडतो. सापडला तर त्यालाही 1926 हाच रस्ता.

बॉल पायथन साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारातला आहे, आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं अशा प्रजाती आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. 28 फेब्रुवारी 2024 च्या नियमांनुसार त्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पिल्लं झाली, हस्तांतर झालं, मेला तरी कळवावं लागतं. कुणी ‘सांभाळा, जमत नाही मला’ म्हणून पेटी हातात दिली तर आधी कागद मागा. कागद नसेल तर वनविभागाला कळवल्याशिवाय ती पेटी घरात घेऊ नका. दयाबुद्धीनं घेतलेला बेकायदा साप हा बेकायदाच असतो.

कागद असेल, तर पुढची पंचवीस वर्षं डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथन मादीनं 2020 मध्ये, वयाच्या बासष्टीच्या आसपास, अंडी घातली होती.

पेटीला एक गरम टोक आणि एक थंड टोक हवं, कारण साप आपलं तापमान जागा बदलून राखतो. गरम बाजू 31 ते 33 अंश, थंड बाजू 24 ते 27. दोन्ही टोकांना अंग घासून बसेल इतकी अरुंद लपण्याची जागा. उघड्यावर बसलेला बॉल पायथन शांत दिसतो, पण तो शांत नसतो, गोठलेला असतो. ऊब देणाऱ्या पॅडला थर्मोस्टॅट हवाच. तो नसेल तर पॅड पन्नास अंशांपर्यंत जातं, साप पोटाखालचा चटका वेळेवर ओळखत नाही आणि भाजतो. पेटीत ठेवायच्या गरम दगडांबद्दलही हेच.

भिवंडीत उलटी अडचण मोठी आहे. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात दुपारी ऊब कुणाला हवी? तिथे पेटी वरच्या फळीवर नको, जमिनीलगत ठेवा आणि ओलं सुती कापड झाकणाच्या अर्ध्या भागावर घाला. पावसाळ्यात हवेतला दमटपणा ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जातो आणि सापाला साठ-सत्तर पुरे. तेव्हा खालचा कागद रोज बदलायचा, नाहीतर पोटाचे खवले कुजतात. हिवाळ्यात हवा कोरडी होते, कात तुकड्या-तुकड्यांत निघते आणि डोळ्यावरची झापड तशीच राहते. ती नखानं काढू नका, ओलसर शेवाळ भरलेला डबा आत ठेवा.

पद्मानगर, कामतघरकडच्या लोकांना आणखी एक सांगतो, जे परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. साप जमिनीतली थरथर जबड्यानं ओळखतो. भिंतीपलीकडे रात्रंदिवस माग धडधडत असतील तर त्या भिंतीला टेकवलेली पेटी म्हणजे अखंड भूकंप. पेटी दुसऱ्या भिंतीला न्या आणि खाली जाड रबराची चटई घाला.

उंदीर गोदामातला पकडून देऊ नका. त्याच्या पोटात विषाची वडी असण्याची शक्यता मोठी, आणि तीच मग सापाच्या पोटात जाते. खात्रीच्या ठिकाणचा, मारून गोठवलेला, मग कोमट पाण्यात पिशवीतून पूर्ण वितळवलेला उंदीर द्यायचा, सापाच्या सर्वांत जाड भागाइतकाच. जिवंत उंदीर सापाच्या डोळ्याला चावू शकतो. पिल्लाला आठवड्यातून एकदा, मोठ्याला दोन ते चार आठवड्यांनी. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. हाताळणीनंतर साबणानं हात धुवायचे, कारण साल्मोनेलाचे जंतू सापाच्या अंगावर राहतात. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर पेटी त्याच्या हाताला लागणार नाही अशीच.

डॉक्टर आधी शोधून ठेवा. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासूनचं आहे, तरी गल्लीतला कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर सापाच्या तोंडात पाहायला बिचकतो, आणि त्याला दोषही देता येत नाही. तोंड उघडून श्वास घेणं, नाकाशी बुडबुडे, शिट्टीसारखा आवाज, ही न्यूमोनियाची लक्षणं. त्यात तापमान आधी तपासायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आता दिवाळी. फटाक्यांच्या दिवसांत पेटी रस्त्याकडच्या खोलीतून आतल्या खोलीत न्या, वर चादर टाका, खिडकी बंद करा. धूर फुप्फुसाला लागतो. त्यानंतर थंडीत बॉल पायथन अनेकदा खाणं सोडतो, कधी दोन महिने, कधी त्याहून जास्त. तेव्हा जबरदस्तीनं भरवायचं नाही. आठवड्याला एकदा वजन करून वहीत लिहायचं, दर दोन आठवड्यांनी उंदीर दाखवायचा, नको म्हणाला तर काढून घ्यायचा. वजन दहा टक्क्यांच्या वर घटलं की वही घेऊन डॉक्टरकडे.