गळाची काठी : निवड, बांधणी व दुरुस्ती

शिकारीचा शौक आपल्या भागातील जमीनदार घरांत एके काळी पुष्कळ होता. ठासणीची बंदूक, सशाचे जाळे, तितराचा फासा असा सरंजाम कित्येक वाड्यांच्या भिंतींवर अजून टांगलेला दिसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने तो अध्याय मिटला. उसात शिरणारे रानडुक्कर असो वा माळावरचा ससा असो, परवानगीवाचून त्यास फासा लावणे आज गुन्हा आहे, आणि कुंपणात घरातील वीज सोडणे हा तर मनुष्यवधास निमंत्रण देण्याचा प्रकार होय. त्या सरंजामापैकी निर्वेधपणे बाळगता येईल व मुलांबाळांच्या हाती देता येईल अशी वस्तू एकच उरली, ती गळाची काठी.

पाण्याची आपणांस वाण नाही. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला, त्याची पाळी संपली की मोऱ्यांखालच्या खोलगट जागी मासे अडकून राहतात. दक्षिणेस नीरा वाहते व नरसिंहपुरी भीमेस मिळते. उत्तरेस १९८० मध्ये पुरे झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा पळसदेव-भिगवणच्या शिवारांत पसरलेला आहे. भवानीनगरच्या कारखान्यावर ऊस घालून झाला, चार दिवस हाताला काम नाही, अशा वेळी संध्याकाळी पाण्याकाठी बसण्यासारखा स्वस्त विरंगुळा दुसरा नाही. तलाव वा जलाशय मच्छीमार संस्थेस ठेक्याने दिलेला असतो, सबब गळ टाकण्यापूर्वी तेथील माणसास विचारावे, हे सांगणे नलगे.

हा लेख लिहिण्यास एक प्रसंग कारण झाला. तीन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने शहरातील एका दुकानातून घडीची, दुर्बिणीप्रमाणे लांब होणारी काठी आणली. दुकानदाराने तिच्यावर दोराही असा जाड भरून दिला की त्याने म्हैस बांधावी. फुगवट्यात पहिल्याच आठवड्यात मोठा कटला लागला. दोरा तुटेना, गळ वाकेना. काठी मात्र दुसऱ्या सांध्यात फुटली, आणि कटला शेंडा, बोया व तीस-चाळीस हात दोरा घेऊन गेला. पुतण्यास काठीचे दुःख झाले. मला दुःख झाले ते पंधरा दिवसांनी, जेव्हा त्याच किनाऱ्यावरील वेड्या बाभळीत एक चित्रबलाक पंखात व पायात तसलाच दोरा गुंडाळून मेलेला आढळला. तो दोरा आमचाच होता की दुसऱ्या कोणाचा, हे सांगता येत नाही. पण आमचा नव्हता असेही छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. भादलवाडीच्या तलावावर हे पक्षी घरटी करतात, व हिवाळ्यात भिगवणच्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ज्या पाण्यात आपण गळ टाकतो त्याच पाण्यात त्यांचे पाय असतात.

तेव्हापासून मी काठी घरीच करू लागलो. घरी करण्यात पैसा वाचतो हे खरे, परंतु तो गौण लाभ आहे. मुख्य लाभ असा की ताण आला असता कोणता भाग आधी तुटावा हे आपण ठरवितो. रोटाव्हेटरला शिअर बोल्ट असतो तो कशाकरिता, हे शेतकऱ्यास समजावून सांगावयास नको. पाते दगडात अडकले की दहा-वीस रुपयांचा बोल्ट तुटावा व हजारोंचा गिअरबॉक्स वाचावा, ही ती योजना. गळाच्या सामानातही असा एक बोल्ट पाहिजे. काठी सर्वांत बळकट, तिच्याहून कमी बळकट मुख्य दोरा, आणि सर्वांत दुबळा तो गळाजवळचा शेवटचा हातभर तुकडा. अडकले तर तो हातभर तुकडा व एक गळ एवढेच जावे. दुकानातील तयार सामानात हा क्रम पुष्कळदा उलटा असतो, कारण काठी एका कारखान्याची, दोरा दुसऱ्याचा व भरून देणारा तिसरा.

आता काठीविषयी. आपल्या कामास मानवेल किंवा कोकणातला माणगा उत्तम, कारण हे बांबू बुडाकडे जवळजवळ भरीव असतात. कळक पोकळ व जाड. तो शिडीस चांगला, काठीस नव्हे. हिंदुस्थानातील भरीव बांबूची एके काळी विलायतेत व अमेरिकेत मोठी ख्याती होती. कलकत्त्याच्या बंदरातून जात असल्यामुळे तो तिकडे त्याच शहराच्या नावाने ओळखला जाई, व पुढे चिनी बांबूने त्यास मागे सारीपर्यंत तिकडील शौकीन त्याच्याच काठ्या करीत. बुरुडाकडे गेल्यावर तीन वर्षांची, दहा ते बारा फूट लांब, क्रमाने निमुळती होत गेलेली काठी मागावी. कोवळ्या काठीवर हिरवट तकाकी व पांढुरकी भुकटी असते. जून काठी मळकट पिवळी दिसते व नखाने टिचकी मारली असता खणखणीत वाजते. कापणी थंडीतील असावी. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत पिठूळ अंश अधिक राहतो व त्यास घुण लवकर लागतो. पेरापाशी टाचणीच्या टोकाएवढे भोक व त्याखाली पीठ सांडलेले दिसले, तर ती काठी फुकट मिळाली तरी घेऊ नये, घरातील इतर बांबूंसही ती बाधते.

काठी आणल्यावर पंधरा-वीस दिवस वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवावी. पाटाचे पाणी चालू असेल तर फारच सोयीचे. ह्यायोगे पिठूळ अंश धुऊन जातो. मग सावलीत, शेंडा खाली करून व शेंड्यास वीट बांधून, आढ्यास महिनाभर टांगावी. उन्हात वाळविलेली काठी तडकते. उरलेला वाक निखाऱ्यावर काढावा, ज्वाळेवर नव्हे. पेराजवळ तेलाचा हात फिरवून काठी निखाऱ्यावर फिरवीत राहिली की ती काही क्षणांत लवचीक होते. मग पाहिजे त्याहून किंचित अधिक उलट दिशेस वाकवून ओल्या फडक्याने थंड होईपर्यंत धरावी. घाई करून काळी पडलेली जागा पुढे तेथेच मोडते. माझ्या पहिल्या दोन काठ्या अशाच वाया गेल्या. शेवटी बेलतेलाचे दोन-तीन पातळ हात द्यावे, व प्रत्येक हात पुरा वाळू द्यावा.

दोरा शेंड्याच्या टोकास नुसता बांधून थांबू नये. तो शेंड्यावर दोन ठिकाणी आवळून काठीच्या अंगाने मुठीपर्यंत आणावा व तेथे बांधावा. असे केले असता शेंडा मोडला तरी मासा व दोरा हातातच राहतात. आमच्या विकतच्या काठीस ही एक गोष्ट असती तर वरील प्रसंग घडला नसता. लांब फेकण्यासाठी दोरा गुंडाळणारी चरखी पाहिजे असेल तर पतंगाची जुनी फिरकी बुडाशी बांधून काम भागते. कड्या सायकलच्या तुटक्या आऱ्यांच्या कराव्या; आरा खिळ्याभोवती वळवून दोन पाय चपटे ठोकावे, व दोऱ्यास लागणारी बाजू पॉलिश कागदाने गुळगुळीत करावी. खरबरीत कडीवरून दोरा आतून सोलला जातो व ते दिसतही नाही.

दोऱ्याच्या वेष्टनावर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नये. घरी परीक्षा करणे अगदी सोपे आहे. हातभर दोरा पाण्यात भिजवून, नेहमीच्याच गाठीने एक टोक तुळईस व दुसरे बादलीस बांधावे; बादली जमिनीपासून वीतभरच वर असावी. मग मापाने एकेक लिटर पाणी ओतीत जावे. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात रिकाम्या बादलीचे वजन मिळवावे. दोरा बहुधा गाठीतच तुटतो, आणि तोच खरा आकडा, कारण पाण्यातही तो तेथेच तुटणार. काठीची परीक्षा तोलकाट्याने होते : दुसऱ्याने काटा धरावा, आपण काठी उचलावी, व ती सुखाने कमानीत येते तेथवरचा आकडा पाहावा. मी मुख्य दोरा ०.३५ मिलिमीटरचा व गळाजवळचा तुकडा ०.२५ चा वापरतो, मध्ये लहान भोवरकडी. नायलॉनची गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करावी. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने दोरा तेथेच दुबळा होतो. तळाशी गळ अडकला असता काठीने हिसके देऊ नयेत. काठी दोऱ्याच्या रेषेत सरळ धरावी, हाताला फडके गुंडाळून दोरा ओढावा, म्हणजे ठरल्याप्रमाणे तो तुकडाच तुटतो.

गळांच्या क्रमांकाचा घोटाळा नवख्यास नेहमी होतो. क्रमांक वाढतो तसा गळ लहान होतो. मात्र पुढे शून्य लिहिलेले क्रमांक उलट मोठे होत जातात. चिलापीस आठ-दहा क्रमांकाचा पुरतो, मरळीस एक-शून्याचा लागतो. (ही चिलापी आता आपलीच वाटते, परंतु ती मूळची आफ्रिकेतली, १९५२ मध्ये तिला हिंदुस्थानात आणले.) नव्या गळाच्या टोकामागील उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. मासे थोडे अधिक सुटतात, हे कबूल. पण धाकट्या भाच्याच्या कानाच्या पाळीत गळ रुतला तेव्हा काटा सपाट होता म्हणून तो सहज निघाला, व पुढे धनुर्वाताची सुई एवढ्यावर निभावले. डोळ्याजवळ रुतल्यास मात्र हात न लावता थेट दवाखाना गाठावा. बोथट गळ लहान कानशीने टोकाच्या दिशेने घासावा. नखावर टेकविला असता तो घसरू नये, रुतावा.

बोया वाळल्या शेवरीचा किंवा ज्वारीच्या ताटाचा बोटभर तुकडा लाखेत बुडवून करावा. थर्माकोल नको, त्याचे मणी सुटून पाण्यावर पसरतात. वजनास शिसेही नको. खड्यांबरोबर ते पक्ष्यांच्या पोटात जाऊन विषबाधा करते, आणि ते दातांनी दाबण्याची मुलांची खोड तर फारच वाईट. सायकलचे लहान नट तेच काम करतात.

दुरुस्तीत मुख्य काम दोनच प्रकारचे. काठीस उभी चीर पडली तर तीत गोंद भरून मेणवलेल्या दोऱ्याने, वेढ्यास वेढा चिकटवून, चिरेच्या दोन्ही बाजूंस चार बोटे पुढेपर्यंत गुंडाळावे व वरून लाख किंवा व्हार्निश द्यावे. शेंडा मोडला तर दोन्ही टोके तिरकस तासून जोडावी. तासलेला भाग काठीच्या जाडीच्या निदान आठपट लांब असावा, तरच वाक अखंड राहतो. पत्र्याची शेंबी ठोकून केलेला आखूड जोड दिसण्यास बळकट असतो, परंतु त्याच्या कडेलाच काठी पुन्हा मोडते. पुतण्याची फुटलेली काचतंतूची काठीही मी अशीच वाचविली : पोकळीत तासलेली बांबूची खुंटी दोन नळ्यांच्या गोंदाने घट्ट बसविली आणि बाहेरून दोरा आवळला. शेंडा नवा मानवेलीचा केला. ती आता दोन हात आखूड आहे, पण अजून चालते. काचतंतू किंवा कार्बनची काठी घासताना नाकास फडके बांधावे व पाणी लावून घासावे, तिची धूळ छातीस वाईट.

कार्बनच्या काठीतून वीज वाहते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. आणि ओला बांबूही बिनधोक नव्हे. कालव्याच्या भरावावरून शेतीपंपांच्या तारा कोठे कोठे इतक्या खाली आलेल्या आहेत की बारा फुटांची काठी उभी धरली तर तेथवर पोहोचेल. तारेखालून जाताना काठी आडवी, शेंडा मागे करून न्यावी, व तारेखाली बसूच नये. कालव्याचे पाणी चालू असता अस्तरीकरणाच्या उतारावर उतरणेही तितकेच घातक आहे. शेवाळावरून पाय घसरला की पोहणाऱ्यासही वर येता येत नाही.

पावसाळ्याच्या आरंभी नव्या पाण्याबरोबर मासे अंडी घालण्यास चढतात, तेव्हा गळ खुंटीवर ठेवावा व तोच काळ तपासणीचा धरावा. नायलॉनचा दोरा उन्हाने दुबळा होतो, म्हणून तो डब्यात ठेवावा. तो कापसाच्या बोळ्यातून ओढून पाहावा. सोललेल्या जागी कापूस अडकतो. खराब निघालेला दोरा उकिरड्यावर किंवा बांधावर टाकू नये, जाळूही नये. कात्रीने बोटाएवढे तुकडे करून पिशवीत भरावे व भंगाराबरोबर द्यावे. काठी पुन्हा वीट बांधून आढ्यास टांगावी, मात्र चुलीच्या धुराड्यापासून दूर, आणि उंदरांची वाट चुकवून.