पायीं चालावयाचे चक्रव्यूह आणि त्यांचे आराखडे

जुन्या हस्तलिखितांच्या कोऱ्या पाठीवर किंवा समासांत चक्रव्यूहाची आकृति कधीं कधीं आढळते. लेखकाची ती करमणूक असावी असें समजून तिची सूचींत नोंद होत नाहीं. वस्तुतः अशी आकृति जमिनीवर आंखून पायीं चालतां येण्याजोगा आराखडा असूं शकते, व वाट नष्ट झाल्यावर तीच पुरावा म्हणून उरते. हें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम संज्ञेचा घोळ दूर करूं. भुलभुलैयांत वाटा अनेक व फसव्या असतात. ज्या चक्रव्यूहाविषयीं आम्ही लिहीत आहों त्यांत वाट एकच असते. ती मध्याजवळ येऊन पुन्हां दूर जाते, परंतु अखेर मध्यास पोंचते, आणि त्याच वाटेनें परतावें लागतें.

ग्रीसमधील पायलॉस येथें इ. स. पूर्वीं सुमारें १२०० चा एक मातीचा लेखपट सांपडला. त्याच्या एका अंगास बकऱ्यांची नोंद व पाठीवर चौकोनी चक्रव्यूह आहे. राजवाड्यास आग लागून कच्ची माती भाजली गेली, म्हणून नोंद व आकृति दोन्ही टिकलीं. काळ ठरवितां येणाऱ्या अशा आकृतींत हिची गणना सर्वांत जुन्यांत होते.

ही सात फेऱ्यांची आकृति काढण्याची रीत सोपी आहे. प्रथम एक अधिकचिन्ह काढावें. त्याच्या चारही घरांत एकेक काटकोन, कोंपरा चिन्हाच्या मध्याकडे करून, काढावा व प्रत्येक घराच्या बाहेरील कोंपऱ्यांत एक ठिपका द्यावा. आतां चिन्हाचें वरचें टोंक उजवीकडील लगतच्या टोंकास कमानीनें जोडावें. नंतर डावीकडील पुढचें टोंक उजवीकडील पुढच्यास, याप्रमाणें कमानीवर कमान चढवीत जावें. ठिपकाही एक टोंकच समजावा. आठ कमानी पुऱ्या झाल्या कीं सात फेऱ्यांची वाट सिद्ध होते. खुंटी, दोरी व चुना एवढ्या साहित्यानें हीच आकृति चौकांत उतरवितां येते.

आराखड्याचें मोल फ्रान्समधील रँस येथील कॅथीड्रलच्या उदाहरणावरून कळतें. तेथील फरशींत चक्रव्यूह बसविलेला होता, व त्याच्या चार कोंपऱ्यांत इमारतीच्या स्थपतींच्या आकृति आणि लेख होते. मुलें त्यावरून धांवत व उपासनेंत व्यत्यय येई, म्हणून धर्माधिकाऱ्यांनीं इ. स. १७७९ मध्यें तो उखडून टाकिला. सुदैवानें १६ व्या शतकाच्या अखेरीस झाक सेलिए यानें त्याचें चित्र काढून ठेविलें होतें, आणि लेखांचीं टिपणेंही झालेलीं होतीं. त्यामुळें आकार राहिला व त्या चार स्थपतींचीं नांवें इतिहासास मिळालीं. पुढें हीच आकृति फ्रान्समध्यें संरक्षित ऐतिहासिक वास्तूंचें चिन्ह झाली.

नगरांतील मोकळ्या जागीं असे चक्रव्यूह करण्याची हौस अलीकडे वाढली आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील ग्रेस कॅथीड्रलच्या आवारांत १९९५ मध्यें शार्त्र येथील अकरा फेऱ्यांच्या फरशीच्या धर्तीवर एक उघडा चक्रव्यूह बांधण्यांत आला. इंग्लंडांत सॅफ्रन वॉल्डन गांवच्या सार्वजनिक माळावर हिरवळ कोरून केलेला सतरा फेऱ्यांचा चक्रव्यूह आहे. त्याची वाट सुमारें एक मैल भरते. तो कोरण्याच्या मजुरीची नोंद १६९९ च्या हिशेबांत मिळते. गवत वाढून वाट बुजते व ती वारंवार कोरावी लागते. म्हणजे आज लोक चालतात ती वाट मूळची तशीच राहिली आहे असें नव्हे. दर पिढीनें ती जपली आहे.

रंगानें आंखलेली वाट तर याहूनही लवकर पुसते. सबब शहरांत जो कोणी असा चक्रव्यूह करील त्यानें मापांसह आराखडा दफ्तरांत ठेवावा, आणि संग्राहकांनीं आपले रुमाल पुन्हां सोडून पोथ्यांच्या पाठी तपासाव्या. पाठ कोरी समजून पान चिकटविलें किंवा कापलें गेलें, तर एक वाट कायमची बुजेल, आणि ती बुजली हेंही कोणास कळणार नाहीं.