पोटगीचा हुकूम आणि खसऱ्यातला बोजा

पांढुर्णा-सौंसरच्या मराठी घरांची सोयरीक आजही नरखेड, काटोल, वरूड, सावनेरकडेच होते. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली, आमचे तालुके मध्य प्रदेशातच राहिले आणि नागपूरऐवजी जबलपूरचे हायकोर्ट वाट्याला आले. लग्ने मात्र सरहद्द ओलांडून होतच राहिली. त्यामुळे इथल्या कौटुंबिक दाव्यात एक पक्ष या राज्यातला आणि दुसरा त्या राज्यातला, हे नेहमीचेच. ऑक्टोबर २०२३मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. छिंदवाड्याची फेरी वाचली, तरी ही मूळ अडचण तशीच आहे.

घटस्फोटाची कलमे वाचकांना ठाऊक आहेत, म्हणून भरभर पुढे जातो. संमतीच्या घटस्फोटातला सहा महिन्यांचा थांबा सक्तीचा नाही, हे २०१७मध्ये ठरले. १ मे २०२३च्या घटनापीठाच्या निकालाने, पूर्ण मोडलेला संसार अनुच्छेद १४२खाली सोडवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा अधिकार पक्का झाला. आमच्यासाठी महत्त्वाचा बदल २००३चा. त्याने पत्नीला ती राहते तिथे दावा लावण्याची मुभा दिली. पण नवऱ्याने आधी पांढुर्ण्यात दावा लावला असेल, तर तो शेजारच्या काटोलला नेण्यासाठी दिल्ली गाठावी लागते, कारण दोन हायकोर्टांच्या हद्दींमधली बदली सर्वोच्च न्यायालयच करते. जबलपूरचा दावा हैदराबादला नेण्याच्या अशाच अर्जावर मार्च २०१७मध्ये व्हिडिओ कॉन्फरन्सचा मार्ग सुचवला गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोठ्या पीठाने बहुमताने तो फिरवला. माहेरी परतलेल्या मुलीला काटोल-पांढुर्ण्याच्या वादासाठी दिल्लीचा वकील करावा लागणे, हा मला आजही अन्याय वाटतो.

ताब्याचे तत्त्व १८९०च्या पालक-पाल्य कायद्यापासून एकच आहे : मुलाचे हित. पाच वर्षांखालचे मूल सहसा आईकडे, हे १९५६चा कायदा सांगतो आणि गोव्याहून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये ते ठामपणे पुन्हा सांगितले. त्याच्या कितीतरी आधी, १९७०मध्ये, जिजाबाई गजरे यांच्या खटल्यात एक मोठी गोष्ट झाली होती. बाप हयात, पण वेगळा राहणारा आणि मुलीकडे न पाहणारा. तिथे आईच नैसर्गिक पालक, असे न्यायालय म्हणाले. आमच्याकडे भेटीच्या तारखा ठरवताना पोळा आणि दिवाळी कुणाकडे, यावरच अर्धा दिवस जातो. ती ओढाताण समजून घेणारा न्यायाधीश मिळाला, तर मूल वाचते.

आता पोटगी. इंदूरच्या दंडाधिकाऱ्याने शाहबानो यांना १९७९मध्ये महिना २५ रुपये दिले. मध्य प्रदेश हायकोर्टाने ते १७९ रुपये २० पैसे केले. २३ एप्रिल १९८५ला सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पीठाने तो आदेश कायम ठेवला. पुढचे राजकारण सगळ्यांना आठवते, पण त्या काळी कायद्याची कमाल मर्यादाच महिना ५०० रुपये होती, याची आठवण कुणी काढत नाही. केंद्राच्या कायद्यातली ती मर्यादा २००१मध्ये गेली. नंतरचा मोठा निकाल नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणातला, ४ नोव्हेंबर २०२०चा, रजनेश विरुद्ध नेहा. दोन्ही पक्षांनी मिळकत आणि देणी शपथपत्रावर सांगायची, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. या निकालात शेतीवर जगणाऱ्यांसाठी शपथपत्राचा वेगळा नमुना आहे. आमच्या भागासाठी तो फार मोलाचा आहे आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो.

कारण संत्र्याच्या मुलखात पगाराची चिठ्ठी नसते. आंबियाचा बहार फुटला, व्यापाऱ्याने झाडावरच्या फळाचा सौदा केला, इसार दिला, तोड झाली की उरलेली रक्कम. वर्षाचे पैसे एक-दोन वेळा येतात, तेही बहुधा रोख. कोर्टात नवरा सांगतो, शेती वडिलांच्या नावावर आहे, मी घरचा मजूर. मग मजुरीच्या हिशेबाने महिन्याची रक्कम ठरते. ती चार महिने येते आणि थांबते. वसुलीचा अर्ज, वॉरंट, दर थकित महिन्यामागे महिन्यापर्यंतची कैद, हे सगळे कायद्यात आहे. पण थकबाकी झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि नरखेडहून तारखेला येणारी बाई दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी थकते.

म्हणून मी आयुष्यभर एकच गोष्ट मागत आलो : बोजा. हिंदू विवाह कायद्याचे कलम २५ उघडून पाहा. कायम पोटगीची रक्कम गरज पडल्यास दुसऱ्या पक्षाच्या स्थावर मिळकतीवर बोजा ठेवून सुरक्षित करता येते, असे तिथे १९५५पासून लिहिलेले आहे. शेत वडिलोपार्जित असेल, तर त्यात नवऱ्याचा हिस्सा आहेच. मिसलबंदोबस्तापर्यंतचे जुने कागद काढून तो दाखवता येतो. हुकमात खसरा क्रमांक लिहून घ्यावा, तहसिलीत अर्ज करून कैफियतीच्या रकान्यात नोंद करावी. बँकेचे कर्ज नोंदते, तशीच ही नोंद. मग बगीचा परस्पर विकायला निघालेल्या माणसाला गिऱ्हाईक विचारते, हे काय आहे? तिथे थकबाकी भरली जाते. मी वकिली सुरू केली तेव्हा सौंसरच्या बाररूममध्ये एक वृद्ध वकीलसाहेब होते. ते म्हणत, बाईचा हुकूम पटवाऱ्याच्या दप्तरात पोचला, तरच तो हुकूम. मी त्यांच्याकडून हे शिकलो आणि पुढे कित्येक बायांची पोटगी याच वाटेने वसूल होताना पाहिली.

आमच्यातले काही मान्यवर म्हणतात, बोजा मागितला की तडजोड फिसकटते, त्यापेक्षा एकरकमी पैसे घ्यावेत. मला हे मान्य नाही. एकरकमी पैसा भावांच्या घरात जिरतो, दुखण्यात जातो. दुसरे काही जण म्हणतात, बायका कायद्याचा गैरवापर करतात. कुठल्या कायद्याचा होत नाही? खोट्या दाव्यावर उपाय शपथपत्राची कडक तपासणी हा आहे, खऱ्या बाईची पोटगी तोडणे हा नव्हे. गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेने लग्नानंतरच्या सामाईक मिळकतीत पत्नीचा अर्धा वाटा मानला. आमच्याकडे पंधरा वर्षे बगीच्यात राबलेली सून निघते, तेव्हा एकाही झाडावर तिचा हक्क नसतो. मग निदान बोजा तरी हवाच.

सुनेचा हक्क माहेराशीही जोडलेला आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४पासून अविवाहित मुलींना जन्मतः सहहिस्सेदार केले. मध्य प्रदेशाने केले नाही. त्यामुळे नरखेडच्या बहिणीला जो हक्क १९९४ला मिळाला, तो पांढुर्ण्याच्या बहिणीला ९ सप्टेंबर २००५पर्यंत मिळाला नाही. ११ ऑगस्ट २०२०च्या विनीता शर्मा निकालाने, २००५मध्ये बाप हयात होता की नव्हता हा वादही संपवला. आता भाऊ दुसरी वाट धरतात. तोंडी वाटणी २० डिसेंबर २००४च्या आधीच झाली, असे सांगतात. न्यायालयाने सांगितले आहे की तोंडी वाटणी सहज मानायची नाही, सरकारी दप्तराचा भक्कम पुरावा हवा. आणि ज्या बहिणी फौती नामांतरणाच्या वेळी राखीच्या नात्यापोटी हक्कत्यागावर सही करतात, त्याच संसार मोडल्यावर कोर्टाच्या पायरीवर रिकाम्या हाताने उभ्या राहतात.

पूर्वी समेटाच्या बैठकीत न्यायाधीश दोघांना तासभर बसवून ऐकत. आता तारखांचा रेटा इतका, की समेट म्हणजे एक सही झाली आहे. तरुण वकील तयार मसुद्यात नावे बदलतात, शेतीचे शपथपत्र भरत नाहीत, खसरा मागवत नाहीत. हे मला फार सलते.

म्हणून दोन विनंत्या. वकील मित्रहो, कायम पोटगीच्या प्रत्येक अर्जात बोजाची मागणी आणि खसरा क्रमांक लिहा. आणि बायांनो, हक्कत्यागाचा कागद समोर आला की सही करण्याआधी तो घरी नेऊन वाचा.