घमेलं कुणी आधी घ्यायचं?

पहाटे ५.३०
लोणारच्या विवराच्या धारेपर्यंत चालून येतो. खाली सुमारे सव्वा किलोमीटर रुंदीचं सरोवर अजून अंधारात आहे. डोक्यात कालचाच प्रश्न. पावसाचं गणित करणारा आमच्या गटाचा प्रोग्राम छोट्या नकाशावर सुरळीत चालतो, मोठ्यावर गप्प होतो. चूक दाखवत नाही, उत्तरही देत नाही.

सकाळी ८.००
शेजारी स्लॅब पडतोय. घमेली हातोहात वर चाललीत. पुढच्याने घेतल्याशिवाय मागच्याचे हात मोकळे होत नाहीत. मध्ये ओटा असता तर टेकवून मोकळं होता आलं असतं. आमचंही तसंच. नकाशाचे तुकडे वेगवेगळ्या प्रोसेसरांकडे असतात आणि दर फेरीला प्रत्येक जण कडेचे आकडे शेजाऱ्याला देतो. संदेशांच्या देवाणघेवाणीसाठीच्या १९९४ च्या एमपीआय मानकात असा ओटा, म्हणजे बफर, असलाच पाहिजे असं बंधन नाही. छोटा संदेश बहुधा बफरात मावतो. मोठ्याला समोरचे हात मोकळे लागतात.

१०.३०
स्पिन या साधनासाठी प्रोग्रामचा सांगाडा लिहितो : वर्तुळात ४ प्रक्रिया, चॅनेलची क्षमता शून्य. चाचणीत एका वेळी घटनांचा एकच क्रम दिसतो. स्पिन सांगाड्याचे सगळे शक्य क्रम धुंडाळतं. उत्तर लगेच येतं. चौघंही भरलं घमेलं धरून उभे, घ्यायला कुणीच नाही. डेडलॉक.

दुपारी १.००
जेवताना बाबा विचारतात, "मंग आता पावसाचा अंदाज बरोबर येईन का?"
"प्रोग्राम अडकणार नाही, एवढंच सिद्ध होईल बाबा. ढगांचं गणितच चुकीचं मांडलं असेल, तर ते यात कळणार नाही."
त्यांना सोयाबीन पेरायचं असतं. त्यांना खोटा भरवसा देववत नाही.

२.३०
दुरुस्ती : सम क्रमांकांनी आधी द्यायचं, विषमांनी आधी घ्यायचं. स्पिन ४, ५, ६ प्रक्रियांना हिरवा कंदील देतं. पण खऱ्या यंत्रावर त्या हजारो असतात, म्हणून वही उघडतो. सगळे अडकायचे तर वाट पाहणाऱ्यांचं वर्तुळ पुरं व्हायला हवं. शून्य क्रमांकाचा १ ला देतो, आणि १ तर आधी घ्यायलाच उभा असतो. वर्तुळ तिथेच तुटतं, संख्या कितीही असो.

५.००
गटातल्या नव्या मुलीशी व्हिडिओ कॉल. तिला परम ८००० या महासंगणकाची गोष्ट सांगतो. अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने तो १९९१ मध्ये उभा केला. त्यातल्या ट्रान्सप्युटर चिपांत देणारा आणि घेणारा दोघंही तयार झाल्याशिवाय संदेश सरकत नसे. ओट्याविना काम करायची शिस्त आपल्याकडे तेव्हापासूनची.

७.३०
अहवालात काय सिद्ध झालं ते लिहितो आणि त्याखाली काय नाही तेही : बेरजेचा क्रम बदलला की दशांशातले शेवटचे अंक बदलू शकतात, ते तपासलेलं नाही. बाहेर मजूर हात धुताहेत. स्लॅब पुरा झाला. उद्या बेरजेपासून सुरुवात.