डोंगरातले पाणी आणि कारागिराचा माग

कारागीर बंधूंनो, दौलताबादहून शहरात गेलो की आपण पाणचक्की पाहतोच. डोंगराकडचे पाणी मातीच्या नळांतून आणून तिथे फकीर-मुसाफिरांसाठी पीठ दळत. पडत्या पाण्याच्या त्याच जोरावर पुढे वीज निघाली. 1897 मध्ये सिद्रापोंगच्या वीजघराने दार्जिलिंगच्या डोंगरी शहरात दिवे लावले. 1915 मध्ये टाटांचे खोपोलीचे वीजघर सुरू झाले. लोणावळ्याकडील तलावांचे पाणी घाटाखाली सोडून काढलेली वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळाली. लांबून कोळसा आणण्याची त्यांची गरज कमी झाली. पहिली तार गिरणीकडे गेली, हातमागाकडे नाही. मोठ्या गिऱ्हाइकाला वीज आधी मिळते. म्हणून दहा मागवाल्यांनी मिळून एकच अर्ज करावा. एकट्याचे कोण ऐकतो?