स्थाननिश्चिति आणि भौगोलिक माहिती प्रणाली : यवतमाळ जिल्ह्यांतील कांहीं उदाहरणें

आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या महालांमध्यें ‘योत-लोहारा’ असें एक नांव येतें. ‘योत’ हें येवत या गांवनांवाचें विकृत रूप, लोहारा हें यवतमाळाच्या पश्चिमेस लागून असलेलें गांव, आणि ‘यवतमाळ’ यांतील ‘माळ’ हा ‘महाल’ शब्दाचा अपभ्रंश, अशी उपपत्ति इंग्रजी गॅझेटियरकारांनीं दिली आहे. येथील भूमीचा उंचवटा पाहतां ‘माळ’ हा देशी शब्दच असावा असें वाटण्यास जागा आहे. तो वाद येथें नको. लोहाऱ्याविषयींचा निर्णय मात्र ग्राह्य होय. या नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत अनेक आहेत, तथापि प्रस्तुत निर्णय केवळ ध्वनिसाम्यावर नव्हे, सामीप्यावर उभा आहे.

सामीप्याची हीच परीक्षा शेंकडों नांवांस एकाच वेळीं लावण्याचें साधन म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, जिला लोक ‘जीआयएस’ म्हणतात. 1960 नंतरच्या दशकांत कॅनडामध्यें रॉजर टॉमलिन्सन यांनीं भूमीच्या नोंदींकरितां तिचा पाया घातला. तींत प्रत्येक स्थळास अक्षांश-रेखांश असून त्यास नांवाचीं भिन्न रूपें, आधारग्रंथ व काल यांची नोंद जोडलेली असते. नद्या, मार्ग, दुर्ग, सीमा हे पृथक् थर एकमेकांवर ठेवतां येतात. ताम्रपटांत दानग्रामाच्या चतुःसीमा दिलेल्या असतात. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त स्थळें दिशांसह सांगितलीं आहेत. “पूर्वेस अमुक गांव व उत्तरेस नदी” या अटी घातल्या असतां त्या पुऱ्या करणारीं स्थळें यंत्र निवडून देतें. त्यांतील खरें कोणतें, हें ठरविण्याचें काम संशोधकाचेंच.

कालाचा थर विशेष उपयोगी आहे. या जिल्ह्यास पूर्वीं वणी म्हणत. 1905 सालीं वाशीम जिल्हा मोडला तेव्हां पुसद तालुका यवतमाळांत आला. 1998 सालीं वाशीम पुन्हां स्वतंत्र झाला, परंतु पुसद येथेंच राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कागदांतील ‘जिल्हा वाशीम’ वाचून पुसदेकडील खेडें आजच्या वाशिमांत शोधणारा अभ्यासक व्यर्थ श्रमतो.

एक सावधगिरी अवश्य सांगितली पाहिजे. 1802 सालीं मद्रासेस आरंभिलेली त्रिकोणमितीय मोजणी लॅम्बटन यानें 78 व्या रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे आणली आणि 20 जानेवारी 1823 रोजीं वर्धेपलीकडे हिंगणघाट येथें तो वारला. त्याच्यामागून काम चालविणाऱ्या एव्हरेस्टच्या गणितावर आपले जुने नकाशे आधारले आहेत. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरचे खुले नकाशे जागतिक गणितावर आहेत. दोहोंतील अंतर या प्रदेशांत शंभर मीटरांहून अधिक पडतें. रूपांतर न करितां जुना नकाशा नव्यावर ठेवला, तर ओढ्याच्या अलीकडील देऊळ पलीकडे दिसेल आणि त्यावर एखादा विद्वान् नवी उपपत्ति रचील!

हें ज्ञान तज्ज्ञांच्या सभांत पुष्कळ आहे. सुदूर संवेदनाच्या अभ्यासकांची भारतीय संस्था 1969 पासून डेहराडून येथें आहे. नागपुरास राज्याचें सुदूर संवेदन केंद्र आहे. परंतु तेथें पोथी वाचणारा जात नाहीं, आणि आमच्या मंडळांत नकाशाकार येत नाहीं. ज्या यवतमाळांत य. खु. देशपांडे यांनीं शारदाश्रमाच्या द्वारें महानुभाव वाङ्मयाचें संशोधन केलें, तेथें तरी हा विच्छेद शोभत नाहीं. जिल्ह्याजिल्ह्याच्या इतिहासमंडळांनीं वर्षांतून एक वर्ग नकाशाकारांसह भरवावा. क्यूजीआयएससारखी आज्ञावली विनामूल्य मिळते. द्रव्याची सबब चालावयाची नाहीं.

आरंभ कोठून करावा? बेंबळा व इसापूर येथील जलाशयांत गांवठाणें बुडालीं, तेथील लोक नव्या वसाहतींत गेले. जुन्या नकाशांत गांवाचें नांव व शेतांचे क्रमांक आहेत. परंतु कोणत्या वावरास काय म्हणत, देवीचा ओटा कोठें होता, नदीचा उतार कोणत्या पांदीनें गांठीत, हें वृद्धांच्या स्मृतींतच आहे. त्यांच्याजवळ बसून जुन्या नकाशावर प्रत्येक नांव मांडावें, आणि सांगणारा कोण, कोणत्या मितीस सांगितलें व स्थान निश्चित कीं अंदाजी, हे तीन रकाने प्रत्येक नोंदीस ठेवावे. दुसऱ्या वृद्धानें निराळी जागा दाखविल्यास पहिली नोंद खोडूं नये, दोन्ही ठेवाव्या.